गुडघाभर पाण्यातला डोंगा

महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी संपली, आणि त्या सर्व वर्षांत वर्गाबाहेर मी फारसे बोलले नाही. वर्गात बोलणे मला जमत असे, कारण काय बोलायचे ते आदल्या संध्याकाळी ठरवता येई. समोरून अनपेक्षित काही आले की मात्र माझा आवाज गळ्यातच विरून जाई. निवृत्तीनंतर लाखनीजवळच्या माझ्या माहेरच्या गावी मी राहायला आले, ती काहीशी याच कारणाने. तिथे कोणाशी फार बोलावे लागणार नाही, अशी माझी समजूत होती. भावाला शेती नको होती. वडिलांच्या बांध्या, म्हणजे चहूबाजूंनी धुरे घातलेले धानाचे तुकडे, माझ्याकडे आले आणि ज्या वयात लोक शेती मुलांवर सोपवतात त्या वयात मी ती शिकू लागले.

गावाचे पोट तलावावर आहे. आमच्या बांध्या त्याच्या पाटाच्या अगदी शेवटी आहेत. पाणी सुटले की ते आधी तोंडाशी असलेल्यांकडे जाते, मग मधल्यांकडे, मग माझ्या चुलतभावाकडे आणि सर्वांत शेवटी माझ्याकडे. त्याच तलावात ढिवरटोलीतली, म्हणजे मासेमारांच्या वस्तीतली, माणसे मासे पाळतात आणि शिंगाडा लावतात. शेतकऱ्यांना धानासाठी पाणी हवे असते. टोलीला तेच पाणी माशांसाठी तलावात राहायला हवे असते. पाऊस भरपूर झाला तर ही दोन्ही वाक्ये एका वर्षात मावतात. पाऊस लवकर थांबला तर मावत नाहीत.

तलावात एक मोठा काळा दगड आहे. पाणी उतरले की त्याची पाठ वर येते, म्हणून त्याला सगळे म्हैस म्हणतात. म्हशीची पाठ दिसली की पाणी बंद करायचे, असे टोलीचे म्हणणे. तिचे पोट उघडे पडेपर्यंत पाण्यावर हक्क आमचा, असे शेतकऱ्यांचे म्हणणे. मूळ बोली काय होती ते सांगणारे कोणी उरलेले नाही. माझ्या लहानपणी एका वर्षी शेतकऱ्यांनी तलाव चिखलापर्यंत उपसला. मासे उताणे पडून मेले. पुढच्या हंगामात टोलीने वाळूची पोती टाकून पाण्याची वाट बुजवली. कुऱ्हाडी निघाल्या, एक डोंगा फोडला गेला, एका माणसाचा हात जन्माचा अधू झाला. तेव्हा दाखल झालेला खटला आजही चालू आहे. ज्यांनी तो भरला त्यांतले बहुतेक गेले. त्यांच्या जागी मुलांची नावे लागली आहेत.

त्या मारामारीनंतर दोन्हीकडच्यांनी एकमेकांच्या लग्नाच्या पंगतीत बसणे सोडले. पण धान पिकवावाच लागतो आणि मासे विकावेच लागतात, त्यामुळे एक व्यवस्था आपोआप रूढ झाली. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, थोडे आत पाण्यात तुडूम आहे. तुडूम म्हणजे पाणी सोडण्याचे दगडी तोंड. त्यात लाकडी डाट बसवलेला असतो. तो डाट उपसण्याची लोखंडी आकडी शेतकऱ्यांकडे असते. तुडुमापर्यंत नेणारा डोंगा, म्हणजे लहान लाकडी होडी, टोलीकडे असतो. पाणी सोडायचे झाले की आमच्यातले एक माणूस आकडी घेऊन येते, त्यांच्यातले एक डोंगा आणते, आणि किती सोडायचे ते दोघे तिथेच ठरवतात. मागितला तर डोंगा नाकारायचा नाही. अतिवृष्टीत टोलीने मागितली तर आकडी नाकारायची नाही. आणि डोंग्यात पाय ठेवल्यावर केसचा विषय काढायचा नाही. हे कोठे लिहिलेले नाही, आणि मोडल्याचेही मी ऐकलेले नव्हते.

आकडी सांभाळायची पाळी दर वर्षी घराघरांतून फिरते. मी शेती सुरू केल्यावर काही वर्षांनी ती माझ्या घरी आली. चुलतभाऊ माझ्याहून मोठा, अंगाने भारदस्त आणि आवाजाने त्याहून मोठा. तो म्हणाला, "बाई, तुले नाई जमनार. मी जातो तुया बदल्यात." मला मनातून हायसे वाटायला हवे होते. उलट मी आकडी भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हटले, "पाळी माझ्या घराची आहे, दादा." इतके बोलून मी आत गेले, कारण पुढचे वाक्य तयार नव्हते.

त्या वर्षी टोलीकडून डोंग्याचे काम एका बाईकडे होते. ती माझ्याच वयाची, लाखनीच्या बाजारात मासे विकणारी. मी गावची लेक असल्याने गावातल्या सगळ्या सुना माझ्या भावजया लागतात. भांडणाने पंगती मोडल्या, नाती मोडता आली नाहीत. आणि भावजयीला नणंदेची थट्टा करण्याचा जो हक्क असतो, तो ती पहिल्या दिवसापासून वापरू लागली.

"बस वो बाई. काहून उभी राहिली? डोंगा का तुया सासरा हाय, लाजाले?"

"मला पोहता येत नाही, वहिनी."

"मले येते. पर तू बुडली तं काढाचं का नाई, थे केसचा निकाल लागल्यावर सांगीन."

मी अजून काठावर होते, म्हणून तिला तो शब्द उच्चारता आला. पाय आत ठेवल्यावर तिने माशांचे भाव, सुनेचे माहेर, माझ्या चष्म्याची दोरी अशा सर्व विषयांवर भाष्य केले, पण तो शब्द पुन्हा काढला नाही. त्या दिवशी पाणी चांगले होते. आकडी कशी अडकवायची ते तिनेच मला डोळ्यांनी खुणावून दाखवले.

दसऱ्यानंतर पाऊस अचानक थांबला. आकाश असे स्वच्छ झाले की पाहवेना. पाटाच्या तोंडाकडे हलका, लवकर येणारा धान होता. तो कापणीला आला. पण शेवटच्या भागात आम्ही सगळ्यांनी भारी, उशिरा येणारा धान लावला होता. तो नुकताच निसवला होता, लोंब्यांत दाणा भरायचा होता, आणि नेमके त्याच वेळी त्याला आणखी एक पाणी हवे होते. तलावात म्हशीची पाठ वर आली. वहिनीने आणि मी डाट बसवला, आणि टोलीच्या हिशेबाने ते त्या हंगामाचे शेवटचे पाणी होते.

काही दिवसांनी सकाळी चुलतभाऊ माझ्या छपरीत आला. सोबत शेवटच्या बांध्यांचे आणखी दोघे होते.

"बाई, आकडी दे."

"कशाला?"

"कायले म्हंजे? धान मरून राहिला ना! तुयाच बांधीत जाऊन पाय, जमीन फाटून राहिली."

मी पाहून आले होते. भेगांत बोट जात होते.

"डोंगा सांगितलात का?" मी विचारले.

"कायचा डोंगा वो? घुटन्याएवढं पानी हाय तुडुमापाशी. चालत जातो, आकडी टाकतो, ओढतो. झालं."

"आणि टोलीने पाहिले तर?"

"पाहू दे ना. चोरी करून राहिलो का? हक्क हाय आपला. कोर्टात तेच तं चालू हाय."

"मग निकाल लागू द्या."

"तवरिक धान थांबनार हाय का?" तो म्हणाला, आणि सोबतचे दोघे हसले. मलाही हसू आले असते, इतके ते खरे होते.

त्याचे म्हणणे चूक नव्हते, हीच अडचण होती. तलाव भरलेला असतो तेव्हा डोंगा लागतोच. त्यात सभ्यतेचा काही भाग नाही. पाणी गुडघ्याएवढे होते तेव्हा कोणालाही कोणाची गरज उरत नाही, आणि नेमके तेव्हाच भांडण्यासारखे काही असते. आजवर उथळ पाण्यातही लोक डोंग्यानेच गेले होते. चिखलातून तो ओढत नेला, पण नेला. एकदा कोणी चालत गेले की डोंगा पुन्हा कधीच लागणार नाही. मग पुढच्या हंगामात वाळूची पोती येतील, आणि त्यानंतर काय येते ते मी लहानपणी वडिलांच्या रक्ताळलेल्या सदऱ्यावर पाहिले होते. ज्याचा हात अधू झाला त्याला त्यांनी उचलून आणले होते. पण माझ्या बांधीतल्या भेगाही मी पाहिल्या होत्या. हे माझे स्वतः लावलेले पीक होते. ते हातचे जावे असे मला मुळीच वाटत नव्हते.

मी म्हटले, "आकडी मी देणार नाही. डोंगा सांगते."

"का म्हनली?" चुलतभावाने कानाला हात लावला. माझा आवाज त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

मी तेच वाक्य पुन्हा म्हटले. या वेळी तिघांनाही ऐकू गेले.

"अन् त्यायनं नाई म्हनलं तं?"

"मागितल्यावर नाही म्हणत नाहीत."

"म्हैस उठली हाय, बाई. आता म्हनतीन."

दुपारी मी ढिवरटोलीत गेले. एरवी निरोप पाठवायची पद्धत होती; मी स्वतः तिथे जाण्याची ती पहिलीच वेळ. वाटेत मी तीन-चार वाक्ये घोकली होती. टोलीच्या तोंडाशी बायका शिंगाडे सोलत बसल्या होत्या. वहिनीने मला पाहिले आणि ओरडली, "अगे माय, ननंद आली! पानी द्या वो कोनी, नाईतं रुसून जाईन."

हसू ओसरल्यावर मी डोंगा मागितला. खाटेवर बसलेला तिचा म्हातारा दीर म्हणाला, "पाठ दिसली म्हंजे बंद. बात खतम."

घोकलेले एकही वाक्य कामाला आले नाही. "मी पोटापर्यंत पाणी मागायला आले नाही," मी म्हटले. "डोंगा मागायला आले आहे. किती सोडायचे, की सोडायचेच नाही, ते तिथे ठरेल. पण तिथे डोंग्यातून जायचे आहे. चालत जायचे नाही."

शेवटच्या शब्दांनी म्हातारा जागचा हलला. चालत जाण्याची गोष्ट आमच्याकडे निघाली आहे, हे त्याला न सांगता कळले. माझ्याच माणसांची चहाडी केल्यासारखे मला वाटले. पण शब्द निघून गेला होता आणि मी तो परत घेतला नाही. मग वहिनीने मांडीवरची टरफले झटकली. "डोंगा मांगाले आली, मंग डोंगा तं द्या लागते. उद्या सकाळी ये. अन् थे चांगलं लुगडं नोको नेसू."

दुसऱ्या दिवशी पाळीवर दोन्हीकडची माणसे जमली होती. मधल्या पळसाच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला आम्ही. आम्ही दोघी डोंग्यात बसलो. डोंगा तरंगत नव्हता. बांबू चिखलात रोवून तिने जोर लावला की तो हातभर सरके आणि पुन्हा बसे. मग ती खाली उतरली आणि मागून ढकलू लागली. थोड्या वेळाने मलाही लाज वाटली. मी साडी खोचून उतरले आणि तिच्याशेजारी खांदा लावला. चालत गेलो असतो तर केव्हाच पोचलो असतो, तिथे आम्ही दोघी एक रिकामा डोंगा चिखलातून लोटत होतो.

"बैलं जुपा गा डोंग्याले!" पाळीवरून कोणीतरी ओरडले. कोणत्या बाजूचे ते कळले नाही. हसली मात्र दोन्हीकडची माणसे.

"दात काढाले का जाते तुमचं?" वहिनी खालून ओरडली. "या ना खाली, दाखवतो!"

तुडुमापाशी आल्यावर आम्ही पुन्हा डोंग्यात बसलो; म्हैस तिथून हाताच्या अंतरावर होती. बोलायचे ते त्यात बसूनच बोलायचे होते. माशांच्या पिल्लांचे माप म्हणून तिने आपल्या बोटाचे एक पेर दाखवले. "बोटुकल्या अजून एवढूश्या हायेत, बाई. पानी कमी झालं का तपते. मंग बगळ्यायची पंगत."

"आमच्याकडे दाणा भरायचा आहे. आता पाणी मिळाले नाही तर फक्त पेंढा होईल."

"पोट मांगतेस का?"

"नाही. तू पाठच म्हणशील का?"

तिने दगड वरून खाली न्याहाळला. "पाठीखाली एक वीत," ती शेवटी म्हणाली.

"कोणाची?"

"मायी. तुया हात लहान हाय. खडू धरून धरून आखडला."

तिने वाकून दगडावर आपली वीत टाकली. माझी टाकली असती तर पाणी थोडे कमी सुटले असते. तिने आपली मोठी टाकली, एवढे मी पाहिले. दगडाची एक बाजू बोटांनी चाचपून, पाण्याखाली, तिने दाट चिखलाचा पट्टा लिंपला. पट्टा उघडा पडला की डाट बसवायचा, असे ठरले. मी आकडी अडकवली आणि डाट उपसला. पाटाच्या बाजूने पाण्याचा आवाज आला.

मग दिवसभर आम्ही त्या न हलणाऱ्या डोंग्यात बसून राहिलो. एका माणसाशी इतका वेळ बोलण्याचा प्रसंग मला आयुष्यात क्वचितच आला असेल. दुपारी तिने उकडलेल्या शिंगाड्यांची पुरचुंडी सोडली. माझा हात पुढे होऊन थांबला, तेव्हा ती म्हणाली, "खा ना. डोंगा कोनाचं घर नोहे."

पाळीवरून वर्दी येत होती. पाणी अमक्याच्या बांधीत लागले, तमक्याच्या बांधीतून फुटले. ऊन कलू लागले तेव्हा चुलतभावाचा आवाज आला, "मायी भरली वो! आता तुयात चाललं!"

मी दगडाकडे पाहिले. चिखलाचा पट्टा पाण्याबाहेर आला होता. भिजून तो पातळ झाला होता, पण होता. त्याची खालची कड आणि पाणी यांच्यात बोट मावले असते.

माझ्या बांध्यांत पाणी नुकते शिरत होते. आणखी थोडा वेळ सोडले असते तर त्या भरल्या असत्या. मी वहिनीकडे पाहिले. ती माझ्याकडे पाहत नव्हती. पलीकडे चिखलात उभ्या असलेल्या बगळ्यांकडे तिची नजर लागली होती. "थोडं राहू दे" असे ती म्हणाली नाही. मी विचारले असते तर कदाचित म्हणाली असती. मी विचारले नाही. आकडी माझ्या हातात असताना शेवटच्या बांध्या माझ्या असणे, हे दोन्हीकडची माणसे पाहत होती. पट्टा मी स्वतःसाठी ओलांडला असता, तर पुढे कोणाच्याही हातातल्या आकडीवर कोणी विश्वास ठेवला नसता.

मी डाट तोंडात बसवला आणि आकडीच्या मागच्या टोकाने ठोकू लागले.

"अवो बाई!" पाळीवरून चुलतभाऊ ओरडला. "थांब! तुयाच बांधीत नाई आलं अजून!"

मी ठोकत राहिले. पाटातला आवाज बारीक झाला आणि बंद पडला. वहिनीने बांबू उचलला. "चाल, उतर," ती म्हणाली. "डोंगा का आपल्या आपन जानार हाय?"

मळणी झाली तेव्हा चुलतभावाचा धान भरदार निघाला. माझ्या वरच्या कडेला दाणा धरला होता. बाकी बांध्यांत बहुतेक पोचट. सुपातून उडवताना भुसा होऊन तो वाऱ्याबरोबर गेला. त्या दिवशी मला फार वाईट वाटले, आणि ते मी कोणाला सांगितले नाही. लाखनीच्या बाजारात वहिनी भेटली. "तुया धान उडून गेला म्हनते," मासे तोलता तोलता ती म्हणाली. भाव तिने सगळ्यांना होता तोच लावला. मीही कमी मागितला नाही.

खटल्यात त्या दिवसाचा दोन्ही बाजूंनी उपयोग केला. शेतकऱ्यांच्या वकिलाने म्हटले, टोलीने पाठीखाली पाणी सोडू दिले, म्हणजे त्यांनी आमचा हक्क मान्य केला. टोलीच्या वकिलाने म्हटले, शेतकऱ्यांनी पोटाच्या वर पाणी बंद केले, म्हणजे त्यांनी आमचा हक्क मान्य केला. पुढची तारीख पडली. पंगती अजून वेगळ्याच बसतात.

अक्षय तृतीयेला आकडी पुढच्या घरी द्यायची असते. पुढचे घर चुलतभावाचे होते. देवळासमोरच्या पारावर माणसे बसली होती. अशा ठिकाणी मी कधी बोलले नव्हते. आकडी मी त्याच्या हातात दिली. पण सोडली नाही. लोखंडाचे एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे.

"डोंग्यातून जायचे, दादा. पाणी कितीही कमी असो."

"मोडंन ना तो माया वजनानं," तो म्हणाला. लोक हसले. तोही हसला, पण मी अजून धरूनच होते, तेव्हा त्याचे हसू थांबले. "घुटनाभर पान्यात मी चिखलात डोंगा ढकलू का, या वयात?"

"मी ढकलला."

"भाषन शिकली वो तू," तो म्हणाला. "बरं. जाईन डोंग्यानं. सोड आता."

मी आकडी सोडली.

घरी येऊन मी बियाण्याचे पोते उघडले. शेवटच्या बांधीत या वर्षी हलका धान लावायचा, हे मी मळणीच्या दिवशीच ठरवले होते. तो कमी पिकतो, पण दसऱ्याच्या आत कापणीला येतो. म्हशीची पाठ वर येईल तेव्हा ती बांधी रिकामी असेल.

बाकीच्या बांध्यांत भारीच लावणार आहे. त्यांना शेवटचे पाणी लागेल, आणि त्यासाठी मला टोलीत जावे लागेल. वाटेत घोकायची वाक्ये मात्र मी आता तयार करत नाही.